तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश

रविवारी दुपारी चार वाजले, की काटेकाकांच्या डोक्यावरच्या स्लॅबमध्ये कुणीतरी जड पावलांनी चालायला लागायचं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन थांबणारं ते चालणं नव्हतं. जागच्या जागी, एका ठेक्यात चालायचं आणि कुठंही पोचायचं नाही. काकांनी घड्याळ लावून पाहिलं. अठ्ठावीस मिनिटं. पुढच्या रविवारी पुन्हा लावलं. अठ्ठावीस. दुसऱ्या कुणी कानात कापूस घातला असता आणि पडून राहिला असता. काकांनी वही उघडली.

काटेकाका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एकोणतीस वर्षं दुकानादुकानांतले काटे तपासून, शिशाचं सील ठोकून त्यांनी हे नाव कमावलं होतं. खरं नाव बिल्डिंगमध्ये कुणी विचारत नसे आणि तेही सांगायच्या भानगडीत पडत नसत. पाच ग्रॅमचा फरक आपल्याला नुसत्या नजरेनं कळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. असा माणूस सोसायटीचा सेक्रेटरी होतोच. दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय ज्याला जेवण पचत नाही त्याला आपण एकमतानं निवडून देतो आणि मग जिन्यात त्याच्या नावानं बोटं मोडतो. आपल्या लायकीचा सेक्रेटरी प्रत्येक बिल्डिंगला मिळतोच.

वरच्या बाई साठीच्या पुढच्या, एकट्या, चश्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला. बारा महिने काळे कपडे, पुरुषासारखे कापलेले पांढरे केस. कधीतरी गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून आवाज खोल आणि खरखरीत. फोनवर लोक त्यांना 'भाऊ' म्हणत, आणि त्या भाऊ होऊनच बोलून घेत. त्यांची खोली सोसायटीच्या मालकीची होती, दर तीन वर्षांनी करार नवा व्हायचा, आणि तो यंदा व्हायचा होता. सोसायटीचे अध्यक्ष तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांचा भाचा नुकताच वाकडे दात सरळ करायचं शिकून आला होता आणि त्याला जागा हवी होती. आता कळलं ना सगळं? वेगळं काही सांगायला नको.

पण बाईंना काढायला कारण लागतं. डॉक्टरांना काकांची वही आठवली.

अडचण एकच होती, नियम सतरा. आवाजाच्या तक्रारीत समितीनं तो आवाज स्वतः पूर्ण ऐकून लेखी अहवाल दिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. हा नियम काकांनीच, पूर्वी एका कुत्र्याच्या प्रकरणात, मोठ्या अभिमानानं घालून घेतला होता. तेव्हा ऐकायची जबाबदारी त्यांच्याच गळ्यात पडली. "तुमच्या सहीला वजन आहे, काका," डॉक्टर म्हणाले. वजन शब्द ऐकला की काका विरघळायचे.

काका वर गेले. बाईंनी दार उघडलं आणि नियम सतरा शांतपणे ऐकून घेतला. मग आतून तपकिरी कागदात गुंडाळलेली गाण्यांची एक मोठी तबकडी आणून त्यांच्या हातात दिली. अठ्ठावीस मिनिटं चालणारा जो काही पुरावा होता तो हाच. कागदाआतलं वेष्टण पूर्ण काळं. चित्र नाही, नाव नाही, फक्त एका कोपऱ्यात पांढऱ्या रेघेनं काढलेली एक रिकामी खुर्ची.

"नीट हाताळा," बाई म्हणाल्या. "आणि लावायच्या आधी एक सांगते..."

"बाई," काका म्हणाले, "मोजमाप आम्हाला नका शिकवू."

बाईंनी दार लावून घेतलं. आपलं हे वाक्य पुढं काकांना आंघोळ करताना, बस पकडताना, जेवताना, कधीही आठवायचं आणि हातातलं काम थांबायचं.

तबकडी आली, पण वाजवायला यंत्र कुठं होतं? एका रविवारची गोष्ट म्हणून सुरू झालेलं काम इथून फुगायला लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं, अशा तबकड्या उलट्या फिरवल्या की आत दडवलेलं बोलणं ऐकू येतं, तेव्हा उलट्याही ऐका. गच्चीवरच्या टाकीचा प्लंबर म्हणाला, मीठ लावून पुसा. मेहुण्यानं माळ्यावरून एक यंत्र काढून दिलं. त्यात सुई नव्हती, पट्टा तुटलेला होता आणि झुरळाचं एक आख्खं कुटुंब होतं. काकूंनी ते घरात घ्यायला नकार दिला. दोन दिवस यंत्र जिन्यात राहिलं. तिथं ते ठेवल्याबद्दल सेक्रेटरी म्हणून काकांना स्वतःलाच नोटीस काढावी लागली. ती त्यांनी काढली, फलकावर लावली, आणि खाली मुदतीत उत्तरही दिलं.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे यंत्र तीन आठवडे पडलं. तो माणूस बोलायचा फार आणि स्क्रू फिरवायचा कमी. तबकडी पाहिल्यावर मात्र त्याचे हात थांबले. त्यानं ती दोन्ही तळव्यांवर धरली, तान्ह्या पोराला धरतात तशी. म्हणाला, ही गॉथिक पोस्ट-पंक गाण्यांची, अगदी सुरुवातीची, हे नाव पडायच्याही आधीची. मी फक्त ऐकून होतो. काकांनी वही उघडून अर्थ विचारला. तो म्हणाला, "पंक म्हणजे आरडाओरडा. पोस्ट म्हणजे ओरडून घसा बसल्यावरचं. आणि गॉथिक म्हणजे घसा बसल्यावर लाइट गेले तर जे वाटतं ते." काकांनी हे तिन्ही मुद्दे क्रमांक घालून लिहून घेतले.

यंत्रावर एक खटका होता, दोन आकड्यांचा. तेहतीस आणि पंचेचाळीस. कारागीर सवयीनं बोलून गेला, मोठी तबकडी तेहतीसवर, लहान पंचेचाळीसवर, सगळ्या जगात असंच असतं. काकांनी घरी येऊन पट्टीनं तबकडी मोजली. मोठी होती. विषय संपला.

पण निरीक्षक नुसत्या खटक्यावर विश्वास ठेवत नाही. खटका काय, दुकानदारही सांगतोच की काटा बरोबर आहे. काकांनी यंत्राच्या थाळीला कागदाची एक चिकटपट्टी लावली, स्टॉपवॉच घेतलं आणि फेरे मोजले. तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे. म्हणजे मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश. एक वेळा, दोन वेळा, पाच वेळा मोजलं. केसाइतका फरक नाही. काकांचा ऊर भरून आला. खात्याच्या पिशवीतून त्यांनी तार, शिशाची गोळी आणि पक्कड काढली आणि खटका तेहतीसवर असताना त्याला सील ठोकलं. सरकारी सील घरच्या कामाला वापरायचं नसतं. पण प्रामाणिक माणसाला आपल्या प्रामाणिकपणाचा फार गर्व झाला, की तो असल्या चोऱ्या निर्धास्त करतो.

शनिवारी सकाळी त्यांनी तबकडी लावली. काकू भाजी निवडत होत्या.

आधी एक ढोल वाजला, कुणी जिन्यावरून कपाट सोडून द्यावं आणि प्रत्येक पायरीवर विचार करत ते खाली यावं तसा. मग गिटार, तेल न घातलेल्या फाटकासारखी. आणि मग आवाज. पुरुषाचा, जाडजूड, विहिरीच्या तळाशी बसलेला. रिकाम्या खोल्यांबद्दल, घरी परत न आलेल्या कुणाबद्दल तो संथपणे काहीतरी सांगत होता. ऐकणारं कुणी असेल अशी त्याची अपेक्षाच नव्हती.

"अहो, बंद करा ते," काकू म्हणाल्या. "कुणी गेलंय का असं वाटतंय."

काकांनी बंद केलं नाही. अहवालासाठी पूर्ण ऐकणं भाग होतं. दोन्ही बाजू मिळून अडतीस मिनिटं झाली. काका चमकले. वर तर अठ्ठावीसच मिनिटं वाजते. दहा मिनिटं गेली कुठं? काकांनी डोकं चालवलं आणि वहीत लाल शाईनं लिहिलं: सदर बाई दर वेळी दहा मिनिटे कमी वाजवतात. मापात खोट.

अहवालाला दोन वेळा ऐकणं पुरे होतं. एक टिपणासाठी, एक पडताळणीसाठी. तिसऱ्या वेळी काकांनी काकूंना सांगितलं की ढोलाचे ठोके मोजायचे राहिलेत. चौथ्या वेळी काहीच सांगितलं नाही, काकू भिशीला गेल्या होत्या. खिडक्या लावून घेतल्या. पाचव्या वेळी दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं चालू असताना काकांना एक म्हातारी आठवली. बाजाराच्या तोंडाशी बसून लिंबं विकायची. तिच्या तराजूचं एक पारडं दोरीनं बांधलेलं होतं, आणि सत्तावीस वर्षांपूर्वी नव्या नव्या जोशात काकांनी तो तराजू जप्त केला होता. ती भांडली नाही. गयावयाही केली नाही. रिकामे झालेले हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तराजू नियमाबाहेरच होता, यात शंका नव्हती. तरी काकांनी चश्मा काढून पुसला आणि तबकडी पुन्हा पहिल्या बाजूला लावली.

अहवालाला त्यांनी दोनदा मुदतवाढ मागितली. डॉक्टर कौतुकानं म्हणाले, काम करावं तर काकांनी. खालमानेनं काका जिना चढून वर आले. एक सरळ गोष्ट त्यांना सांगता आली नसती का? की बुवा, मला हे आवडलंय? नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, खिशाला दोन पेनं, घरात ताकदीचं च्यवनप्राश. लोक काय म्हणतील? लोकांना दुसरं काही म्हणायला नसतंच. पण ते काही म्हणू नयेत म्हणून आपण आयुष्यभर पोट आत ओढून चालतो. अकराव्यांदा ऐकून झाल्यावर काका टेबलाशी बसले आणि त्यांनी आठ पानांचा, बाईंना घराबाहेर काढणारा अहवाल लिहिला. भित्रा माणूस कागदावर फार शूर होतो.

शेवटी एका रविवारी सकाळी अकराला डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत सभा भरली. भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र होतं. पुरावा म्हणून यंत्र आणि तबकडी टेबलावर ठेवली होती. बाई शेवटच्या खुर्चीत, काळ्या कपड्यांत, हातात चश्म्याचं घर घेऊन बसल्या होत्या. काका उभे राहिले. त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही.

अहवाल रंगला. वस्तू: तबकडी, नग एक. व्यास बारा इंच. नोंदणी क्रमांक, मधल्या काळ्या कागदावर काळ्याच शाईत छापलेला व भिंगातून वाचलेला: पंचेचाळीस. संगीत मनास खचवणारे. "गायक हा पुरुष असून," काका वाचत होते, "वय अंदाजे पासष्ट, वजन नव्वद किलोच्या खाली नसावे. आवाजावरून त्यास मद्याचे व्यसन व कौटुंबिक अपयश असावे. अशा इसमाचा आवाज कुटुंबवत्सल इमारतीत दर आठवड्यास ऐकू येणे अहितकारक आहे." मुख्याध्यापिका बाईंनी दोनदा मान हलवली. मापातली दहा मिनिटांची खोट वाचली तेव्हा प्लंबरनं टाळी वाजवली. निष्कर्ष: करार वाढवू नये. सहीला तेवढी जागा मोकळी सोडली होती.

डॉक्टरांनी बाईंना विचारलं, काही म्हणायचंय का.

"एकच विचारायचंय," बाई म्हणाल्या. "किती गतीवर ऐकलीत?"

काकांचा चेहरा उजळला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी त्यांची केव्हापासूनची इच्छा होती. "तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश. पाच वेळा मोजून. सील आहे, पाहून घ्या."

"ती पंचेचाळीसवर वाजवायची आहे," बाई म्हणाल्या. "तो नोंदणी क्रमांक नाही. गती आहे. क्वचित कुणी मोठ्या तबकडीवर तशी छापतात. तुम्हाला तेच सांगत होते त्या दिवशी."

दाढेच्या चित्राखाली काका उभे होते. त्यांच्या डोक्यात गणित सुरू झालं होतं, न सांगता, एकोणतीस वर्षांच्या सवयीनं. अठ्ठावीस गुणिले पंचेचाळीस, भागिले तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश. अडतीसला काही सेकंद कमी. बाईंनी एक मिनिटसुद्धा चोरलं नव्हतं. माप त्यांचं पुरं होतं. खोटा काटा काकांचा होता, वर सरकारी सील लावलेला.

"आणि गायक नव्वद किलोचा नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हा सेहेचाळीस होता. वय एकोणीस. दारू अजून शिकायची होती. मीच गायलेय ती."

मुख्याध्यापिका बाईंनी लावून बघू या म्हणून हट्ट धरला. पण खटका हलेना, सील होतं. काकांची पक्कड वर घरी राहिली होती. शेवटी डॉक्टरांनी आतून दात उपटायचा चिमटा आणला, आणि सगळ्यांच्या देखत काकांना स्वतःचं सील स्वतः तोडावं लागलं. शिशाची गोळी टणकन उडून प्लंबरच्या पायाशी गेली. त्यानं ती उचलून खिशात टाकली. पुढं वर्षभर तो ती लोकांना दाखवत असे.

पंचेचाळीसवर ढोल पळत आला. फाटकासारखी गिटार आता चाकूला धार लावल्यासारखी लखलखत होती. आणि एक पोरगी गात होती, तिखट, चिडलेली, जिवंत, त्याच रिकाम्या खोल्यांबद्दल, पण आत्ता जाऊन दारं लाथेनं उघडीन अशा आवाजात. प्लंबरला आधी हसू फुटलं, मग मुख्याध्यापिका बाईंना, मग सगळ्यांनाच. नव्वद किलो, कुणीतरी म्हणालं. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. तो लाजेनं की हसण्यानं, हे काकांनी शोधायचं नाही असं ठरवलं.

हसू ओसरल्यावर डॉक्टर काकांच्या कानाशी लागले. त्यांनी समजूत घातली की गतीचं एवढं मनाला लावून घेऊ नका, आवाज तर होतोच ना; दोन पानं काढून टाका, निष्कर्ष तसाच राहू द्या, सही करा, आठवड्यात लोक विसरतील. त्यांनी पेनही उघडून दिलं. काकांना अब्रू हवी होती आणि ती टेबलावर ठेवलेली होती, उचलायचीच बाकी होती. सही केली की ते चुकलेले निरीक्षक नव्हते, कडक सेक्रेटरी होते. बाईंचं सामान एका टेम्पोत मावलं असतं.

काकांनी पेन घेतलं. आणि त्यांना त्या म्हातारीचे मांडीवरचे हात दिसले. ती नियमाबाहेर होती, असं तेव्हा निदान म्हणता तरी येत होतं.

"अहवालाला दोनदा ऐकणं पुरे होतं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मागच्यांनी पुन्हा सांगा म्हटलं, आणि त्यांना ते सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. "मी अकरा वेळा ऐकली. खिडक्या लावून. आवडली म्हणून. निष्कर्ष मला ऐकून सुचलेला नाही, तो मी आधीच ठरवला होता. अहवाल खोटा आहे. मी सही करणार नाही."

सहीशिवाय अहवाल नाही, अहवालाशिवाय नियम सतरा नाही. करार तीन वर्षांनी वाढला. डॉक्टर त्यानंतर काकांचे दात पाहीनासे झाले. बाकी कुणी काकांना धीट वगैरे म्हणालं नाही. एवढं खरं बोलून माणसाला मानपान मिळत असता तर सगळेच बोलले असते. जिन्यात पोरं त्यांना पाहून जाड आवाजात, संथ बोलायची. खात्यापर्यंतही बातमी गेली. सील कुठलं वापरलं याचा खुलासा तीन प्रतींत मागवला गेला. काकांनी तो लिहून दिला. लपवलं काहीच नाही. मेमो आला, तो फायलीला लागला.

तबकडी परत द्यायला काकांना नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी संध्याकाळी ती आणि यंत्र दोन्ही घेऊन ते वर गेले. बाईंकडचं यंत्र जुनं झालंय असं काकूंनी त्यांना ऐकवलं होतं. माफीची चार वाक्यं पाठ केली होती. दार उघडलं तेव्हा त्यातलं एकही आठवेना. "माझं मोजमाप..." एवढंच तोंडातून निघालं.

"आत या," बाई म्हणाल्या. "आणि ती तुमच्या गतीवर लावा. मी कधी ऐकली नाहीये."

काका चपलांसकट आत गेले, परत बाहेर आले, चपला काढल्या. खोलीत एक टेबल, एक कॉट, भिंगांचे डबे. कॉटखाली काळ्या वेष्टणांचा गठ्ठा दिसत होता. बाई म्हणाल्या, तीनशे छापल्या होत्या, तिथं दोनशे साठ आहेत. काकांनी खटका तेहतीसवर आणला. कपाट पायरीपायरीनं उतरायला लागलं. विहिरीच्या तळाचा तो जाडजूड माणूस बोलू लागला. काका जमिनीकडे बघत राहिले. एवढ्या जवळून त्यांनी तो आवाज त्याच्या मालकिणीसमोर कधी ऐकला नव्हता.

अर्ध्या गाण्यावर बाई तबकडीबरोबर गायला लागल्या. ऑपरेशननंतरच्या त्या खोल, खरखरीत गळ्यानं. सूर जागच्या जागी बसला, एका माणसाचे दोन पाय एकाच जोडीच्या चपलांत बसावेत तसा. पंचेचाळीसवर त्यांना आता ते कधीच जमलं नसतं. मध्ये काकांनी उठून बाजू उलटली, आणि अडतीस मिनिटं पुरी झाली. शेवटी सुई मधल्या कागदापाशी जाऊन खरखर करत राहिली.

"पक्कड आणलीय?" बाईंनी विचारलं.

ती, तार आणि गोळ्यांसकट, काकांच्या खिशात होती. त्या सभेनंतर असायचीच.

"मग सील करा."

काका खटक्यापाशी वाकले. "पंचेचाळीसवर ना?"

"आहे तिथंच."

काकांनी तार ओवली, गोळी बसवली. एकोणतीस वर्षांत त्यांनी माहीत असून चुकीच्या मापाला सील कधी केलं नव्हतं. त्यांनी पक्कड दाबली, ठसा नीट उमटला का ते पाहिलं, आणि वर न बघता चपला शोधायला लागले.